बलियाखालचा घाव

ता. २७ मार्च १९५५. कामरगाव
मलम संपलं. दोन डब्या उरल्या होत्या, त्या टांगेवाल्यानं घोड्याच्या पाठीसाठी नेल्या. घोड्याले चालते का, म्हणे. म्हटलं, माणसाले चालते तर घोड्यानं काय पाप केलं? कातडं ते कातडंच.
मालेगावहून निघताना मावसांनी बजावलं होतं, कामरगाव, कारंजं, आणि सरळ घरी. मलम त्यांच्या हातचं, फिरायची हौस माझी, असा आमचा धंदा. पण आज सडकेवर पोहऱ्याच्या जत्रेला निघालेल्या गाड्या दिसल्या. डफ वाजत होता, बाया मोठ्यानं गात होत्या. एका गाडीत जागा होती. बसलो. कारंजं वाटेतच आहे, तिथं उतरता येईल.

ता. ३०. पोहरा
कारंज्यात उतरलो नाही. झोप लागली, जाग आली तेव्हा कारंजं मागं पडलेलं. बरंच झालं.
देवळाच्या खालच्या अंगाला लिंबाखाली चूल मांडली. राळ गाठोड्यात होती, तिळाचं तेल इथंच मिळालं. मावसांची रीत अशी: तेल बेतानं तापवायचं, राळेची भुकटी चिमटीचिमटीनं सोडायची, विरघळली की परातीत गार पाण्यावर ओतायचं आणि तळहातानं फेटत राहायचं. पाणी बदलायचं, परत फेटायचं. आधी पिवळं, चिकट, घाणेरडं दिसतं. मग एकाएकी पांढरं व्हायला लागतं, लोण्यासारखं. हात भरून येतात.
सातवी अर्ध्यात सोडली. कापसाच्या जिनातलं काम सोडलं. तंबूतल्या सिनेमावाल्यांबरोबर गेलो होतो, तेही सोडलं. पण फेटणं कधी अर्ध्यात सोडलेलं नाही. कारण माहीत नाही.

ता. १ एप्रिल. नवमी
माणसात माणूस मावत नाही. ओरडून घसा बसला. गळू, फोड, चिघळलेली जखम, बैलाचा खांदा, काही असो, आणा!
एक टकले काका: "यानं केस येतेत का रे?"
"केस नाई येत काका, पन चमक येईन."
काकांनी घेतलं. खरंच टकलावर चोळून पाहिलं. लोक हसले आणि त्या हसण्यात पुष्कळ मलम गेलं.
दुपारी एक म्हातारी आली, बंजारा. आरशांची काचोळी, अंगावर दागिना एकही नाही. सोमली नाव. तांड्यात सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. सुनेच्या दंडाला लागलंय, मलम दे, म्हणाली. म्हटलं, जखम पाहिल्याशिवाय मी देत नाही. (हे खोटं. टकल्या काकांना दिलंच होतं. पण मावसा असंच म्हणतात.)
"मंग चाल. ते तापानं पडली हाय. कोसभर वाट हाय फक्त."
गेलो. जत्रा पाहून झालीच होती.

ता. २. तांडा
सुनेचं नाव जमनी. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल. सडकेच्या कामावर गिट्टी फोडताना चिलका उडाला आणि डाव्या दंडात घुसला. काट्यानं काढला म्हणतात. पण घुसला कुठं, तर बलियांच्या मधे. बलिया म्हणजे यांच्या बायकांच्या हाडाच्या पांढऱ्या बांगड्या, कोपरापासून खांद्यापर्यंत एकीला एक चिकटून. दोन बलियांच्या फटीतून मांस फुगून वर आलेलं, आत काय आहे ते दिसत नाही.
मी सहज म्हणालो, आधी हे काढा, मग लावतो.
मग जमनीची थोरली जाऊ, गंगी, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नवरा मेला का ह्या काढतेत आमच्यात. इचा नवरा मेळघाटात लाकडं तोडाले गेला हाय, जिता. काय सांगून राह्यला तू, कळते का?"
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
"दवाखान्यात काहून नाही नेलं?" मी विचारलं.
सोमली याडी म्हणाली, "तिथं पैले बलियाच कापतीन."
म्हणजे या बाईला दवाखानाही बंद आणि हातही बंद. म्हटलं, ठीक आहे, मलम आहे ना. लिंबाच्या काडीला कापूस गुंडाळला आणि फटीतून जितकं आत जाईल तितकं भरलं. जमनीनं दात आवळून घेतले. मग म्हणाली, "हात चांगला थंड हाय तुया."

ता. ५
उतार आहे! फटीतलं मांस सुकलं, वरून पांढरी खपली धरली. ताप पण कमी. जमनी उठून भाकरी थापत होती, उजव्या हातानं. मी म्हटलंच होतं.
तांड्याचा नायक, म्हणजे यांचा पुढारी, मोठ्या मिशांचा माणूस, मला बसवून घेऊन म्हणाला, "वैद्यबुवा, लगन झालं का?" नाही म्हटलं. "मंग इथंच राहा. पोट्टी पाहून देतो. मलमावर संसार होईन तुमचा." सगळे हसले. गंगी सुद्धा.
सगळ्या तांड्याच्या टाचा, करटं, उकळत्या तेलाचे भाजलेले डाग माझ्यापुढं आले. एका म्हाताऱ्याच्या भेगांमध्ये चवलीचं नाणं जाईल. मन लावून भरल्या. दोन्ही वेळ जेवण यांच्याकडं, तिखट इतकं की डोळ्यातून पाणी. माझं नाव आता मलमवाला.

ता. ८. दिग्रसच्या वाटेवर
जमनी बरी होते आहे, म्हणून निघालो. राळ आणायची म्हणून दिग्रसला चाललो होतो, पण वाटेत एक विहीर खोदतायत. सुरुंग लावून. वडार लोक आहेत. बत्ती देतात आणि "पळाऽऽऽ" ओरडतात आणि आपण पळायचं, मग धडाम, आणि आभाळातून दगड. असं मी कधी पाहिलं नव्हतं. एकाच्या पिंढरीला दगड लागला, मलम लावलं, मग त्यांनी जाऊ दिलं नाही. मी पण फार आग्रह केला नाही.

ता. १२. तांडा
आलो. झोपडीच्या बाहेरूनच वास आला.
आत जमनी पडलेली. डावी बोटं केळ्यांच्या फणीसारखी सुजलेली, मिटत नाहीत. काखेत गाठ. दंडावर लाल रेघ वर चढलेली. बलिया मांसात रुतल्या आहेत. आणि माझी ती पांढरी खपली तशीच, छान, कोरडी, बुचासारखी बसलेली! राळ ती राळ. वरून फट बंद केली आणि आतला पू आतच राहिला. सुकलं म्हणून आम्ही सगळ्यांनी भाकऱ्या खाल्ल्या.
काडीनं खपली उचलली. जे बाहेर आलं ते लिहीत नाही.
सोमली याडीला सांगितलं: मलम चांगलं आहे, मलमात खोट नाही. पण मलम जखमेवर लागलं पाहिजे, झाकणावर नाही. बलिया आज काढा नाहीतर हात जाईल. हात गेला तर बलिया कशावर घालणार?
याडी म्हणाली, "नायकाले इचारतो."

ता. १२, संध्याकाळ
नायकाच्या दारात सगळे जमले. मला एका कडेला बसवलं. त्यांची बोली मला अर्धीच कळते, पण गंगी मला कळावं म्हणून मराठीत बोलत होती.
"बलिया उतरल्या का थावरा उतरला समजा. त्याले तिकडं काय झालं तं कोनाच्या माथी? याच्या?" बोट माझ्याकडं. थावरा म्हणजे जमनीचा नवरा, गंगीचा धाकटा दीर.
नायक मिशा ओढत बसला. त्याला हो पण म्हणवेना, नाही पण म्हणवेना.
तेवढ्यात सोमली याडी घरात गेली आणि थावऱ्याचं पागोटं घेऊन आली. लाल, सणासुदीचं, तो घरी ठेवून गेलेलं. ते मधे ठेवलं.
म्हणाली, "माया दंडातल्या काढल्या तवा मेलेल्याच्या पायापाशी ठेवल्या होत्या. तुमी सगळ्यायनं पाह्यलं. ह्या मी जित्याच्या पागोट्यात ठेवून राह्यली. त्याच्या हवाली. येईन आन् आपल्या हातानं घालीन. फरक हाय का नाई हाय? सांगा."
मग गंगीकडं वळली.
"मी त्याची याडी हाय. त्याचं बरंवाईट झालं तं पैले मले कळन, का गंगीले?"
नायक म्हणाला, "डाव्याच. उजव्याले हात लावाचा नाई."
जमनीला कोणी विचारलं नाही. मी पण नाही. आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

ता. १३
जत्रेतला एक फणीवाला अजून पोहऱ्यात होता. त्याची बारीक दाताची करवत आणली. तो देत नव्हता, लाकडाची फणी सोडून दुसऱ्या कशाला लावली तर दात जातात म्हणे. म्हटलं, बाईचा हात आहे. मग करवतीसोबत स्वतःच आला, पण झोपडीत यायला तयार नाही, बाहेर बसून ओरडून सांगायचा: "दाबू नको! करवतीले आपलं आपलं चालू दे!"
डबीचं झाकण कापून पट्टी केली, कडा दगडावर घासल्या, आणि बलिया आणि कातडीच्या मधे सरकवली, म्हणजे करवत निसटली तर पत्र्यावर. वरची पहिली निघाली. हाडाचा बारीक भुगा, जळल्यासारखा वास. प्रत्येक तुकडा सोमली याडी उचलून पागोट्यात ठेवायची आणि काहीतरी पुटपुटायची.
मधल्या दोन रुतलेल्या. पट्टी सरकवताना जमनीनं माझं मनगट धरलं. वाटलं, थांब म्हणते. म्हणाली, "लवकर कर." 
निघाल्या. खाली एवढा खड्डा की अंगठा जाईल. दंड बलियांखाली पांढरा फटक, लहान पोराच्या अंगासारखा. ती स्वतःच बघत राहिली. लग्नापासून दिसला नसणार.
लिंबाचा पाला उकळून धुतलं. पू निथळू दिला. मलम नाही लावलं. हात शिवशिवत होते, तरी नाही लावलं.
मग मीच म्हणालो, आता दवाखान्यात चला. आता काय कापणार ते?

ता. १५
नायकाची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी. जमनी, याडी, मी. दवाखान्यात सुई दिली, परत दोनदा यायला सांगितलं. कंपाउंडर तरुण, चष्मेवाला. काय लावलं होतं, म्हणाला. डबी दाखवली. त्यानं हुंगली, बोटावर घेऊन चोळली. म्हणाला, आमच्या आजोळी पण करायचे. खड्डा आतून भरून येऊ दे, कडेनं लाव, तोंड मोकळं ठेव. मग मला विचारलं, शिकला किती? म्हटलं सातवी. (सहावी म्हटलं पाहिजे.)
परतताना जमनी दमणीत बसून गाणं म्हणत होती, अगदी हळू. याडीनं दटावलं नाही.

ता. २२
बोटं मिटायला लागली. मूठ होत नाही अजून. रोज धुणं, निथळणं, कडेनं पातळ हात. खड्ड्याच्या तळाशी लाल दाणे दिसतात, डाळिंबासारखे. मावसा सांगायचे, डाळिंब दिसलं की जिंकलं. जिंकलं!
मालेगावला जायला पाहिजे. मावसा वाट बघत असतील, का नसतील, त्यांना सवय आहे. उद्या निघतो.

ता. २६
निघालो नाही. विहिरीवाल्यांकडं पण गेलो नाही, सुरुंगाचा आवाज इथपर्यंत येतो तरी.

ता. ३ मे
तांड्यात लगन. हळदीला सगळ्या बाया. जमनी पण गेली, उजव्या हातानं हळद लावायला. गंगीनं वाटी सरकवून घेतली.
"एका हातानं सवाशीन आन् एका हातानं रांडव. कोनत्या हातानं लावशीन तू?"
जमनीनं ओढणी डाव्या दंडावर ओढली आणि परत आली. ओढणी जखमेला चिकटली होती. भिजवून सोडवली.
मी म्हटलं, थावरा आला की सगळ्यांची तोंडं बंद होतील.
म्हणाली, "तू त्याले पाह्यलं तरी हाय का?"
"नाही."
"मंग?" आणि हसली. "कानाले मोठा हाय. आन् घोरते." 

ता. १०
जखम रुपयाएवढी. मलम ती आता स्वतः करते. एका हातानं फेटायला बसली, परात गोल गोल पळायची, मग दोन पायांत धरली. डावा हात पण पाण्यात घातला, बोटांना व्यायाम होतो म्हणे. तिचं मलम माझ्यापेक्षा मऊ झालं. मी म्हटलं, जरा जास्तच मऊ आहे, उन्हात पाझरेल. ती म्हणाली, "उनात ठेवू नको मंग."
याडी रोज पागोटं उन्हात झटकते, तुकडे परत आत मांडते.

ता. १९
मेळघाटातले लोक दोन दिवसांत येतात अशी बातमी. नायकानं बोकड पाहून ठेवला. याडीनं झोपडी सारवली. जमनीनं केस धुतले. गंगी पण येऊन गेली, तिचा नवरा पण त्यांच्यातच आहे. जाताना जमनीच्या दंडाकडं बघून म्हणाली, "भरलं वाटते." वाईट बोलली नाही.
जायचं म्हटलं तर आज जाता आलं असतं. पण थावऱ्याचे कान बघायचे आहेत.

ता. २२
आले. गंगीचा नवरा आला, सगळे आले. थावरा नाही.
एक म्हणतो, काम सुटल्यावर त्याला दुसऱ्या ठेकेदारानं धारणीकडं नेलं, पैसा बरा म्हणून. दुसरा म्हणतो, धारणी नाही, त्याला हिवताप होता, वाटेतल्या एका गावात राहिला, बरा होऊन येतो म्हणाला. गंगीचा नवरा खाली बघत होता. म्हणाला, "मी मागं होतो. मले वाटलं तो पुढं हाय."
सगळ्या तांड्यानं एकदाच जमनीच्या डाव्या दंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. गंगीनं तोंडाला पदर लावला.
याडी पागोट्यासमोर बसली ती बसलीच. तिला कळायला पाहिजे होतं ना पहिलं. तिला काहीच कळलेलं नाही, असं म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजे जिता हाय."
बोकड दावणीला तसाच.

ता. २३
सकाळी मी गाठोडं बांधत होतो. मला इथं कोणी जा म्हटलेलं नाही, पण कोणी मलमवाला म्हणून हाक पण मारली नाही. दगड तर सोडाच, शिवी पण नाही. वाटेला लागलेलं बरं.
जमनी आली, समोर बसली, ओढणी बाजूला केली.
"लाव."
मी तसाच बसलो.
"काहून थांबला? हात मायाच हाय अजून. तो आला तरी लागते, नाई आला तरी लागते."
लावलं. जखम आता चवलीएवढी, कडा गुलाबी, कोरडी, स्वच्छ. काही म्हणा, जखम सुंदर भरली आहे. मावसांना दाखवली असती.
मग म्हणाली, "धारनीले कोनती मोटर जाते?"
"अकोल्याहून अकोटची. पुढं विचारावं लागेल."
"तू गेला हाय?"
"हो."
(अकोल्यापर्यंत गेलो आहे. अकोट ऐकून आहे.)
"मी जातो पाहाले. याडी संगं येते. नायकाले सांगितलं, तो नाई म्हनाला, मी हो म्हनली. तू रस्ता दाखव अकोटपरेंत, मंग जा तुया मावश्याकडं."
याडी मागं उभी होती, पागोटं कापडात बांधून काखेत धरलेलं. म्हणाली, "तुकडे नेऊन राह्यली. त्याले दाखवाले लागतीन, नाहीतं म्हनन इकून खाल्ले."
मी म्हटलं, हात अजून कच्चा आहे, आठवडाभर थांबा, ओझं उचलू नका.
जमनीनं माझंच गाठोडं डाव्या हातात धरलं. राळ, परात, डब्या, सगळं त्यात. उचललं. कंबरेपर्यंत आणलं. तोंड वाकडं झालं, पण खाली नाही ठेवलं. तसंच धरून सडकेकडं चालायला लागली. म्हातारी मागं, आणि मी सगळ्यात मागं, वहाणा हातात.